घरच्या संगणकाची बारनिशी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गेली कित्येक वर्षे अव्याहत चालली आहे, त्या ग्रंथपाल गुरुजींच्या हाताखाली मी शाळकरी वयात दोन उन्हाळे पुस्तकांना पुठ्ठे घालण्याचे काम केले आहे, आणि म्हणून आजच्या विषयाचा आरंभ त्यांच्यापासून करण्याचा थोडाबहुत अधिकार मला पोचतो, अशी माझी समजूत आहे. गुरुजींच्या ग्रंथालयाचा दरवाजा सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत सताड उघडा असे. आत आलेला मनुष्य कोण, कोठला, वर्गणीदार की नुसता वर्तमानपत्र चाळायला आणि पंख्याखाली बसायला आलेला, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. परंतु एखादे चोपडे, मग ते किती का फाटके असेना, उंबरठ्याबाहेर निघाले की त्यांची लाल शाईची लेखणी नोंदवहीवर टेकलीच म्हणून समजावे. येणाऱ्यास मुक्तद्वार आणि जाणाऱ्याची नोंद, असा त्यांचा कायदा होता. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तिचा कायदा, निदान ती आपल्या घरी येते त्या स्थितीत, बरोबर उलट आहे: आगंतुकास ती उंबरठ्यावर अडवते आणि बाहेर पडणाऱ्यास मुकाट सोडते. हा उलटा न्याय कोठून आला, आणि घरच्या संगणकासाठी फायरवॉल निवडताना गृहस्थाने त्याची कितपत चिंता वाहावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

चिटणीसांनी निमंत्रणपत्रिकेवर मोठ्या हौसेने ‘अग्निभिंत’ असा शब्द छापला आहे. शब्दाशी माझे वैर नाही, पण त्याने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते मला पुसून टाकायचे आहे. पाश्चात्त्य नगरांत एकमेकींना चिकटलेल्या इमारतींमध्ये विटांची जाड भिंत घालीत, हेतू हा की एका घरची आग दुसऱ्या घरी जाऊ नये. पुढे मोटारीचे इंजिन आणि बसणारी माणसे यांच्यामधील पत्र्यालाही तेच नाव पडले, आणि तेथून ते संगणकात आले. नुसत्या भिंतीचा भरवसा किती धरावा, हे पुण्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. १८२८ साली शनिवारवाड्यास आग लागली तेव्हा आतले सागवानी दिवाणखाने जळून गेले आणि तट व बुरूज मात्र आजतागायत उभे आहेत. किल्ल्यांचे दृष्टान्त देण्याचा मोह यापुढे मी आवरणार आहे, कारण फायरवॉल ही भिंत नव्हेच. ती एक कारकून आहे, आणि कोणत्या खात्यातला कारकून हेही मला ठाऊक आहे.

माझे वडील मामलेदार कचेरीत होते आणि काही वर्षे त्यांच्याकडे बारनिशी होती. तरुण मंडळींसाठी सांगतो की कचेरीत येणारा प्रत्येक कागद आवक म्हणून आणि निघणारा प्रत्येक कागद जावक म्हणून ज्या टेबलावर क्रमांक घेऊन नोंदला जातो, त्या टेबलास बारनिशी म्हणतात. इंटरनेटवरून आपल्या घरी येणारे सारे काही, मग ते पत्र असो, छायाचित्र असो की चलच्चित्र, अशाच लहान लहान पाकिटांत तोडून येते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि शिवाय एक क्रमांक असतो, ज्यास पोर्ट म्हणतात. पत्ता म्हणजे कचेरी आणि पोर्ट म्हणजे त्या कचेरीतले टेबल, असे समजल्यास फारशी चूक होणार नाही. ही टेबले ० पासून ६५,५३५ पर्यंत असतात. बहुतेकांवर कोणी बसलेले नसते. पण ज्यांवर बसलेले असते त्यांतली काही अशी की घरमालकास त्यांच्या अस्तित्वाचाही पत्ता नसतो, आणि उपद्रव नेमका तेथून होतो.

आरंभी या कामावर जो नेमला गेला तो कारकून नव्हता, देवडीवरचा शिपाई होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या आपोआप पसरणाऱ्या एका आज्ञावलीने त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रे जेरीस आणली. साऱ्या इंटरनेटवर तेव्हा यंत्रेच मुळी साठ हजारांच्या आसपास होती. तोपर्यंत हे जाळे म्हणजे परस्परांस ओळखणाऱ्या विद्वज्जनांची आळी होती. त्या रात्रीनंतर आळीत कड्या-कोयंडे दिसू लागले. मोठ्या संस्थांच्या दारात बसवलेले ते पहिले शिपाई पाकिटावरचा पत्ता आणि टेबल-क्रमांक वाचीत आणि हाती दिलेल्या यादीप्रमाणे सोडीत किंवा परतवीत. त्यांची स्मरणशक्ती मात्र शून्य होती. पाकिटावर ‘हे उत्तर आहे’ अशी खूण असली की ते खरेच कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे न विचारता ते आत सोडीत, आणि अशी खूण खोटी करणे लुच्च्या मनुष्यास मुळीच अवघड नव्हते.

येथे बारनिशीचा प्रवेश होतो. ‘आपले पत्र जावक क्रमांक अमुक यास अनुसरून’ असा मायना घेऊन एखादा कागद आला की वडील तो हाती घेऊन जावक वहीची पाने मागे उलटीत, आणि त्या क्रमांकाचे पत्र खरोखर गेले होते असे दिसले तरच कागद पुढच्या टेबलावर जाई. इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने १९९४ साली बाजारात आणलेल्या फायरवॉलने हीच रीत रूढ केली: आतून कोणी कोणास काय विचारले याची वही ठेवायची, वहीत ज्याचा मागमूस आहे तेवढेच उत्तर आत घ्यायचे, आणि आगंतुकास दाराशीच निरोप द्यायचा. आज आपल्या घरच्या संगणकात जी फायरवॉल असते ती याच घराण्यातली आहे. ग्राहकाने जाहिरातीतील विशेषणांचे अरण्य ओलांडून प्रथम एवढे समजून घेतले तर दुकानदार त्यास फारसा फसवू शकणार नाही.

आता मोठ्या कचेऱ्या सोडून घरी येऊ. आपल्या देशात सामान्य जनांस इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, आणि पुढे कित्येक वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटांचा हिशेब ठेवीत वापरावे लागे; घटकाभर जोडले जाणारे आणि दर वेळी नवा पत्ता घेणारे यंत्र शोधून त्याच्या मागे लागणे चोरास परवडत नसे. आपण सुरक्षित होतो ते दारिद्र्यामुळे. अहोरात्र चालणारी जोडणी आली आणि ते कवच गळून पडले. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये विक्रीस आली. तीत फायरवॉल होती, पण ती बंद स्थितीत होती, आणि ती चालू करण्याची चौकट तीन दालनांपलीकडे अशा ठिकाणी होती की तेथे सहज म्हणून कोणी जाऊ नये. तबेल्याला कुलूप पुरवले होते, म्हणण्यास हरकत नाही. ते फक्त वळईत ठेवले होते.

त्या व्यवस्थेचे फळ ऑगस्ट २००३ मध्ये मिळाले. विंडोजच्या एका अंतर्गत सेवेतला दोष दुरुस्त करणारा तुकडा कंपनीने १६ जुलैस प्रसिद्ध केला होता. ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा किडा त्याच दोषातून, १३५ क्रमांकाच्या टेबलावरून, घरोघर शिरला. त्यास कोणी पत्र उघडण्याची, कोठे बोट दाबण्याची गरज नव्हती. यंत्र जोडलेले आहे आणि त्या टेबलावर कोणी बसलेले आहे, एवढे त्यास पुरेसे होते. माझ्या घरी पडद्यावर एक पेटी आली, तीत साठ सेकंद उलटे मोजले जाऊ लागले, आणि ते संपताच यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. पुन्हा जोडले की पुन्हा तेच. ज्या दुरुस्तीने रोग बरा व्हावयाचा ती उतरवून घेण्याइतका अवधीही रोग देत नव्हता. अखेरीस एका विद्यार्थ्याने मला ती वळईतली फायरवॉल शोधून चालू करून दिली, तेव्हा दुरुस्ती उतरवता आली. मायक्रोसॉफ्टने पुढील वर्षाच्या ऑगस्टमध्ये एक्सपीची दुसरी सुधारणा काढली आणि तीत फायरवॉल चालू स्थितीतच दिली. जे मालकाने चालू करायचे ते मालक करणार नाही, हे मनुष्यस्वभावाचे सत्य त्या कंपनीस तीन वर्षांनी पटले. आमच्या म्युनिसिपालट्यांस पाण्याच्या मीटरविषयी अद्याप पटावयाचे आहे. दरम्यान संतापलेले लोक दुसरीकडे वळले होते, आणि त्या दुसरीकडची हकीकत आजच्या विषयाचा गाभा असल्यामुळे तेथे मी जरा रेंगाळणार आहे.

२००० सालाच्या सुमारास झोनअलार्म नावाची फायरवॉल निघाली आणि खासगी वापरास ती फुकट होती. घरच्या संगणकातच राहत असल्याने तिला एक गोष्ट कळत असे, जी बाहेरच्या कोणत्याही देवडीवाल्यास कळणे शक्य नाही: पाकीट कोणत्या आज्ञावलीच्या हातचे आहे. बाहेरच्यास केवळ पाकीट दिसते. हिला ते लिहिणारा हात दिसतो. त्यामुळे ती जावकही अडवू शके, आणि प्रत्येक नवा हात दाराशी आला की मालकास विचारी, ‘अमुक आज्ञावली बाहेर जाऊ म्हणते, जाऊ देऊ का?’ गुरुजींच्या नोंदवहीचे हे यंत्ररूप पाहून मी हरखून गेलो आणि त्याच दिवशी ती बसवली.

पहिले चार दिवस मी प्रत्येक प्रश्नाचे न्यायाधीशाच्या गांभीर्याने उत्तर दिले. पाचव्या दिवशी ‘जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस’ अशा भारदस्त नावाच्या कोणी बाहेर जाण्याचा परवाना मागितला. इतके निराकार नाव धारण करणारा मनुष्य सज्जन असणे शक्य नाही असे ठरवून मी त्यास कायमची मनाई केली, आणि त्या क्षणापासून घरचे इंटरनेट निमाले. तो बिचारा विंडोजचाच घरगडी होता; संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारून आणण्यासारखी नित्याची कामे त्याच्याकडे होती. दोन दिवस मी तारा हलवल्या, टेलिफोन खात्यावर तोंडसुख घेतले, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच लिहिलेला मनाईहुकूम पाहून ओशाळलो. त्यानंतर काय झाले ते अधिक लाजिरवाणे आहे. मी पुढच्या प्रत्येक प्रश्नाला वाचल्याशिवाय ‘जाऊ दे’ म्हणू लागलो. तंटा नको म्हणून सर्वांस परवाना देणारा जकातनाका जितका उपयोगी, तितकीच ती फायरवॉल त्या दिवसापासून राहिली. आणि वडील, जे त्या वेळी ऐंशीच्या घरात होते, एवढेच म्हणाले की बारनिशीचा कारकून जर प्रत्येक कागदाला साहेबांना उठवू लागला, तर साहेब कारकुनाचे काम करतो आहे असे समजावे.

फायरवॉलच्या निवडीविषयी मला जे म्हणायचे आहे ते या एका वाक्यात वडिलांनी म्हणून टाकले होते. माझे मत असे बनले आहे की घरगुती फायरवॉलची परीक्षा ती काय काय अडवू शकते यावर करण्यापेक्षा ती मालकास किती वेळा आणि किती कळेल असे विचारते यावर करावी. जिच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची विद्या आपल्यापाशी नाही, तिचे सामर्थ्य आपल्या अज्ञानाइतकेच राहते.

यावर आक्षेप येईल की मग जावकेवर पहारा नकोच की काय. नारायणराव पेशव्यांचा घात करणारे गारदी १७७३ साली तट चढून आलेले परके नव्हते, सरकारी चाकरीतलेच होते, हे मला मान्य आहे. घरात शिरलेली दुष्ट आज्ञावली आतून बाहेर बोलू लागते, आणि आवकेचा पहारेकरी ते निमूट पाहतो, कारण त्याच्या वहीप्रमाणे संभाषणाचा आरंभ घरातून झाला आहे. परंतु असा फितूर स्वतःच्या नावाने परवाना मागेलच असे नाही. स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन तज्ज्ञाने झोनअलार्मच्या त्या दिवसांतच लीकटेस्ट नावाची एक चिमुकली आज्ञावली काढून दाखवून दिले की परवाना असलेल्या आज्ञावलीचे नुसते नाव धारण केले तरी काही फायरवॉल फसतात. नावाऐवजी मुद्रा तपासणाऱ्या टिकल्या, तर पुढच्या फितुरांनी परवानेधारक ब्राउझरलाच हाताशी धरले. शिवाय पहारेकरी जितका अवजड तितके त्याच्या अंगरख्यात शिरण्यास चोरखिसे अधिक. मार्च २००४ मधील विटी नावाच्या किड्याने ब्लॅकआइस ही फायरवॉल आणि तिच्याच कंपनीच्या अन्य संरक्षक आज्ञावल्यांतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे बारा हजार यंत्रे गाठली आणि त्यांच्या तबकड्यांवरचा मजकूर नासवला. ज्यांच्या घरी पहारेकरी नव्हता ते त्यातून सुटले. असे नेहमी होत नाही. पण झाले आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो, आणि येथे मी भराभर बोलणार आहे, कारण नावे बदलतात. विंडोजमध्ये आज जी फायरवॉल अंगभूत असते ती आवक अडवते, जावक सोडते, आणि बहुतेक गृहस्थांस ती पुरेशी आहे. तिची नियमावली उघडून जावकही बांधता येते, पण वाटेल त्याने तेथे हात घालू नये. यंत्र नव्या जोडणीस लावताना जाळे खासगी की सार्वजनिक ही जी निवड असते, ती मात्र प्रत्येकाने स्वतः पाहावी, आणि घर सोडून अन्यत्र, विशेषतः लॉजमध्ये आणि रेल्वे स्थानकात, सार्वजनिक हेच ठेवावे. मॅकमध्ये फायरवॉल असते, पण ती चालू आहे की नाही हे पाहावे, तीही आवकेपुरतीच. उबुंटू वापरणाऱ्या विद्यार्थ्यांस तीतली यूएफडब्ल्यू ही फायरवॉल ठाऊक असेल. नव्या यंत्रात तीही बंदच येते. जावक पाहण्याची ज्यांस खरोखर हौस आणि सवड आहे त्यांनी मॅकवर व्हिएन्नातील मंडळींची लिटल स्निच, विंडोजवर टायनीवॉल यांसारखी साधने पाहावीत. दुसरीचा मला आवडलेला गुण हा की ती प्रश्नांच्या पेट्या उघडून मालकास उठवत नाही आणि विंडोजच्याच गाळणयंत्रणेवर आपले नियम चढवते. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांचे जे संपूर्ण संरक्षणसंच मिळतात त्यांतही फायरवॉल असते. ते घेण्यास प्रत्यवाय नाही, फक्त विकत घेताना एक विचारावे: वर्गणीची मुदत संपली की पहारेकरी जागा राहतो की झोपतो, आणि झोपला तर विंडोजचा जुना गडी पुन्हा कामावर येतो की नाही. एका दारात दोन पहारेकरी मात्र कधी उभे करू नयेत. ते एकमेकांनाच अडवतात.

भिंतीवर टांगलेला राउटर हाही एक बारनिशीचा कारकून आहे, आणि तो अनवधानाने झालेला आहे हे त्याचे वैशिष्ट्य. इंटरनेटची जुनी पत्तापद्धती सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची; ते पुरेनात म्हणून १९९४ साली अशी युक्ती मांडली गेली की घराबाहेर एकच पत्ता दाखवावा आणि आतल्या यंत्रांस घरगुती पत्ते द्यावेत. उत्तर आले की ते आतल्या कोणास द्यायचे यासाठी राउटरला जावकेची वही ठेवावी लागली, आणि वहीत नोंद नसलेले पाकीट कोणाचे हे न कळल्यामुळे ते पडून राहू लागले. टंचाईतून निघालेली काटकसर अशी पहाऱ्याचे काम करू लागली. नव्या पत्तापद्धतीत, जी आपल्या देशात झपाट्याने पसरली आहे, ही टंचाई नाही. घरातल्या प्रत्येक यंत्रास जगास दिसणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो, आणि म्हणून राउटरमध्ये नव्या पद्धतीसाठीची फायरवॉल चालू आहे का, हे जोडणी देणाऱ्या माणसास तो शिडीवर असतानाच विचारावे. तो एकदा उतरून गेला की हाती लागत नाही.

एक गोष्ट फायरवॉलच्या कक्षेबाहेरची आहे. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी आपल्याच हाताने आपल्याच यंत्रात दूरनियंत्रणाची आज्ञावली बसवून घेतो, तेव्हा ती आतून बाहेर जोडणी करते, वहीत रीतसर जावक नोंद पडते, आणि मग येणारे प्रत्येक पाकीट हे विनंतीवरून आलेले उत्तर ठरते. अशा आज्ञावलीविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. असे घडल्यास तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर लगेच, पैसे पुढे सरकण्याआधी, बोलावे.

हे व्याख्यान तयार करीत असताना, जे लोकांस सांगायचे ते निदान आपल्या घरी आहे का ते पाहावे म्हणून, मी परवा रात्री आमच्या राउटरची नियमावली उघडली. तीत एक टेबल सर्व जगासाठी उघडे होते. दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र मुलाला परदेशातून दिसावे म्हणून तो बसवणाऱ्या कारागिराने कधीकाळी ते उघडले होते. अशाच कॅमेऱ्यांचे आणि राउटरचे कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द कोणी बदलीत नाही, या भरवशावर २०१६ साली मिराई नावाच्या आज्ञावलीने यंत्रांची फौज उभी केली होती, हे मी तुम्हांस सांगण्यासाठी टिपूनही ठेवले होते. आमचा तो कॅमेरा दोन दिवाळ्यांपूर्वीच भंगारात गेला, पण त्याचे टेबल तसेच मांडलेले होते. मी ती ओळ पुसली. घरात कोणालाही काही कळले नाही, सर्व दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत होते, आणि मुलाचा फोन नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी आला.